मागच्या तारखेची पावती

निर्मलेंदु पालित त्याचं नाव.
सेलूच्या रेशनकार्डावर कारकुनानं लिहिलं : पलिते.
पालितनं अर्थ विचारला, कळल्यावर म्हणाला, राहू दे,
कार्बनच्या कांड्या जाळणाऱ्यांत
एक पलिता असलेला बरा.

तो आला तेव्हा मी टॉकीजमध्ये हेल्पर होतो,
रिळं उलटी गुंडाळायचो.
दुधनेच्या वाळूत शूटिंग करायला
कलकत्त्याहून युनिट आलं होतं.
अकराव्या दिवशी निर्माता जीपमध्ये बसला,
म्हणाला, जालन्याहून पैसे घेऊन येतो.
तो अजून येतोच आहे.

चौदा माणसं धर्मशाळेत, उधारीचा चहा.
त्यांच्यातला पालित टॉलीगंजच्या लाइटवाल्यांच्या
संघटनेचा माणूस. तो मोंढ्यात फिरला,
बाहेती शेठकडून मदतीचा एक खेळ मागून घेतला.
तिकिटांचे पैसे जमले, एक कमी.
मनमाड पॅसेंजर सुटली तेव्हा
तेरा हात खिडक्यांबाहेर,
चौदावा फलाटावर, वहीत हिशेब लिहीत.

मराठी त्याला धड आली नाही कधी.
संघटना आला, मालक आली, पगार कुठं गेली?
सालेह चाऊस, आमचा डोअरकीपर, पोट धरून हसायचा.
आकडे मात्र पालित बरोबर बोलायचा.

पिक्चरच्या पेट्या हैदराबादेहून यायच्या.
मुलूख मोकळा होऊन पंचवीस वर्षं झालेली,
वितरकांच्या नकाशात आम्ही निजामातच.
मग आपला ओव्हरटाइम पण तिथंच अडकली असेल,
असं म्हणून त्यानं पावतीपुस्तक छापून आणलं.
ऑपरेटर, डोअरकीपर, पोस्टरवाले,
टांग्यातून भोंगा फिरवणारा किसन वाकळे,
महिना आठ आणे.
पावती त्याच दिवसाची.
वाकळेची बायको दवाखान्यात होती,
फंडासाठी त्याला मागची तारीख हवी होती.
पालितनं स्वतःचा अख्खा पगार काढून दिला.
तारीख दिली नाही.

बोनसच्या वर्षी मध्यंतरानंतर मशीन सुरूच केली नाही.
हिरो विहिरीत लोंबकळत राहिलेला,
पाचशे माणसं शिट्ट्या मारतायत,
पांढऱ्या पडद्यापुढं हा एकटा, धोतराचा सोगा खिशात.
एक चप्पल आली. त्यानं ती उचलून कठड्यावर ठेवली,
म्हणाला, दुसरी पण पाठवा,
घरी कसा जाणार तुम्ही?
लोक हसले. हसल्यावर मग ऐकलं.
पावणेअकराला शेठनं सही केली
आणि हिरो विहिरीतून वर आला.

दर वर्षी त्याच्याकडं
एका तिकिटापुरते पैसे जमायचे.
दर वर्षी ते कुणाला तरी लागायचे.

टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय.
मशीनच्या खोलीत आचारी तेलाचे डबे ठेवतात.
तो मार्चमध्ये गेला, झोपेतच.
मयत फंड दोनशे एक्कावन्न रुपये,
नियम चौथा : फक्त सभासदाला.
रजिस्टर चाळलं. एकतीस वर्षांत
त्यानं स्वतःच्या नावाची एकही पावती फाडलेली नव्हती.
मी टॉलीगंजचा सभासद, म्हणायचा,
एक माणूस, एक संघटना.

आम्ही तिघं बसून राहिलो.
फुलंवाला बाहेर पैशासाठी उभा.
चाऊस म्हणाला, कामून बसलात? काढ पुस्तक.
आठ आणे त्याच्याच सुपारीच्या डब्यात सापडले.
तारीख टाकली, पॅसेंजर सुटली त्या दिवसाची.
नावापाशी माझा पेन अडला.
पालित लिही, वाकळे म्हणाला,
खाडाखोड केली तर ओरडायचा तो.

लिहिलं. रक्कम अक्षरी, अंकी.
खाली सेक्रेटरीच्या सहीची जागा
तेवढी कोरी आहे.